आमच्या आधी घर बघून गेलेला माणूस

सुरुवातीलाच सांगतो, माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. तीस वर्षं मी विम्याचा सर्व्हेअर होतो - अपघात झालेल्या गाड्या तपासायचो. उभ्या ट्रकला म्हैस येऊन धडकली, असं चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे कोणी भूत, चकवा, अंगात येणं वगैरे सुरू केलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो - याला हे सांगून काय मिळणार? आज मीच सांगतोय, आणि मला काहीच मिळणार नाही... उलट जाणारच आहे. ते शेवटी कळेल.

२०११ चा डिसेंबर. आम्ही चार मित्र, सगळे नागपूरचे आणि सगळे साठीच्या आसपासचे - सुधीर, विलास, प्रमोद आणि मी. सुधीरची बायपास होऊन सात महिने झाले होते. त्यामुळे ठरलं, की या वेळी पळापळीची ट्रिप नको. गोंदिया जिल्ह्यात दोन खेड्यांत दोन घरं घ्यायची आणि पाच-पाच दिवस नुसतं राहायचं. एक घर कचारगडच्या बाजूला, एक नागझिऱ्याच्या. घरं बघून ठरवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण खोट काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

घरं बघायला मी निघायच्या आदल्या दिवशी सुधीरची बायको, सुनंदावहिनी, घरी आल्या. चहाही घेतला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून पाठवते आहे. एकच करा. घर कसंही असू द्या, पण गाडी दारापर्यंत आली पाहिजे."

"वहिनी, ते काय सांगायला पाहिजे?" मी म्हणालो.

पहिलं घर सालेकसाजवळच्या एका गावात, एका पोवार शेतकऱ्याचं. मळणी चालू होती, अंगणभर धानाचा ढीग. मी माझं नाव सांगितलं तर तो हसला.

"तुम्ही कायले त्रास घेतला जी? तुमचा मानूस परवा सकारीच पाहून गेला नं."

"माझा कोणता माणूस?"

"म्हातारा. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, पायात काही नाही. चार झन येनार म्हने, एकाच्या छातीले टाके हायेत. खोलीपासून सडकेपर्यंत पावलं मोजत गेला. दर शंभर पावलाले एक खडा काढून ठेवे." त्याने ओट्यावर बोट दाखवलं. तिथे दोन खडे होते, शेजारीशेजारी.

मला विलासचा संशय आला. हा माणूस चाळीस वर्षं माझी टर उडवत आला आहे, त्याला असले उद्योग जमतात. मी तिथूनच त्याच्या लँडलाइनवर फोन लावला. मोबाइलवर नाही, मोबाइलवर माणूस कुठूनही खोटं बोलतो. त्याने घरूनच उचलला आणि वर मलाच विचारलं, "काय रे, इतक्यात भूत भेटलं का?" मी फोन ठेवला.

त्याच दिवशी दुसरं घर पाहिलं, नागझिऱ्याच्या तिरोडा बाजूला, जंगलात गाइडचं काम करणाऱ्या एकाचं. घर अगदी डांबरी सडकेला लागून, समोर राइस मिल. दिवसभर भुसा उडतोय, भोंगे वाजताहेत. शांतता शोधायला निघालेल्या माणसाने बघताक्षणी गाडी वळवावी असं घर. गाइड म्हणाला, "तुमचे बुजुर्ग आके गये ना साहब. परवा सकाळी. त्यायनं इथं खडा नाही ठेवला. खोलीपासून चाळीसच पावलं भरली. हेच ठीक हाय म्हणून गेले."

परवा सकाळी! सालेकसालाही परवा सकाळीच. मध्ये सत्तर-एक किलोमीटर, आणि म्हातारा अनवाणी. मी मनात हिशेब जुळवला - हा गाइड आणि तो शेतकरी एकमेकांना ओळखतात. दोघांनी मिळून मला गुंडाळायचा बेत केलाय, हे भिकार घर गळ्यात मारायला. छातीच्या टाक्यांचं कुठूनतरी कानावर गेलं असेल. कुठून, ते मला सांगता येईना, पण माझं समाधान झालं.

म्हणून मी चाल खेळलो. तिसरं घर कोणालाही न सांगता शोधायचं. चहाच्या टपरीवर नुसतं विचारलं, "तळ्याकाठी एखादं राहायजोगं घर?" टपरीवाल्याने रस्ता सांगितला आणि मी लगेच निघालो.

ते घर मी विसरणार नाही. मोठं जुनं तळं, त्याची उंच पाळ म्हणजे मातीचा बांध, पाळीवर मोहाची झाडं, आणि पलीकडच्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या एका कुटुंबाचं कौलारू घर. पाण्यावर बदकं उतरली होती. गाडी सडकेवरच ठेवून पाळीवरून चालत जावं लागलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला ते घर हवं झालं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला सुधीर आठवला नाही.

ओट्यावर सत्तरीची एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून तिने हात थांबवला.

"काऊन आले जी तुम्ही? तुमचा मानूस तं सकारीच नाही म्हनून गेला."

या घराचं मलाच अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं.

"कोण माणूस, बाई? मी कोणालाही पाठवलं नाही."

"मले काय माईत? टाकेवाला मानूस येते, त्याले घर देऊ नका म्हने. मोजून गेला." तिने ओट्याच्या कडेला बोट दाखवलं. खडे ओळीने मांडलेले होते. मी मोजले, एकोणीस. "माझा सासरा असाच मोजे. आमच्यात पाळ बांधाच्या आंधी सारं पायानं मोजत. आता कोनी मोजत नाही. म्हनून मी त्याले इचारलं, तुम्ही कोन्या गावचे? तं खडे मांडून चालू पडला."

मी तिच्याकडे टक लावून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, तपशील वाढवतो. ही परत सुपाकडे वळली होती.

मग मी हट्टाने मोजलं. तिच्या ओट्यापासून पाळीवरून सडकेपर्यंत. अर्ध्या वाटेवर पाळ फुटलेली, तिथून पाणी वाहत होतं आणि वर एक फळी टाकलेली. येताना मी ती सहज ओलांडली होती, आता थांबून पाहिली. एका माणसापुरती रुंद. सडकेला पोचलो तेव्हा एकोणीसशे चौदा पावलं झाली होती.

इतकं डोळ्यांनी पाहिल्यावर कोणीही शहाणा माणूस गाडीत बसला असता. मी परत गेलो. परत त्या बाईला म्हणालो, "बाई, आमचं आम्ही बघू. पाचच दिवस द्या."

"नाही देत," ती म्हणाली. "तुमाले समजत नाही काय? मानूस मरन माझ्या घरी." आणि सूप उचलून आत गेली. दारही लावून घेतलं.

नाइलाजाने नागझिऱ्याच्या बाजूला राइस मिलसमोरचंच घर घेतलं. तिथले पहिले चार दिवस तिघांनी मला सोललं. "निवांत ट्रिप! ट्रक मोजायला आणलं याने," विलास दर जेवणाला म्हणायचा. सुधीर तेवढा खूश होता. मिलवर येणाऱ्या बैलगाडीवाल्यांशी गप्पा मारत बसायचा.

पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अरुण, पंखा लाव ना." डिसेंबरात! मी वळून पाहिलं तर शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. आम्ही त्याला खुर्चीसकट उचललं. मिलची जीप सडकेवर उभीच होती, चावी लावलेली. तिरोड्याला पहिलं इंजेक्शन, मग गोंदियाचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती वेळात आणलं? आम्ही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "वेळेत आणलं."

सुधीर आजही आहे. सकाळी फिरतो, विलाससारखाच माझी टर उडवतो.

नंतर मी दोनदा त्या भागात जाऊन आलो, खास चौकशीला. तिन्ही घरांची माणसं वेगवेगळी गाठली, प्रश्न उलटसुलट फिरवून विचारले. बंडी तीच, दुपट्टा तोच, बोलणं तेच. गाइड आणि तो शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते. तळ्याकडच्या बाईला तर दोघांची नावंही माहीत नव्हती. त्या म्हाताऱ्याला आधी किंवा नंतर कोणी पाहिलेलं नाही. प्रत्येकाला वाटतं, तो माझा माणूस होता. याचं उत्तर शोधणं मी आता सोडलंय.

सोडलं नाही ते एकच. दर दिवाळीला सुनंदावहिनी स्वतः अनारशांचा डबा घेऊन येतात. बसतात, डोळ्यांत पाणी आणतात आणि म्हणतात, "भाऊजी, तुम्ही माझा शब्द पाळला. दारात गाडी येईल असंच घर पाहिलंत."

आणि मी म्हणतो, "वहिनी, ते काय सांगायला पाहिजे?"

त्या बाईने दार लावलं नसतं तर मी ते तळ्याकाठचं घर घेतलं असतं. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.