अक्षता पडताना अडकणारा टीव्ही

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. सांगलीत अठरा वर्षं टीव्ही बसवतोय, दुरुस्त करतोय. "टीव्ही आपोआप चालू होतोय हो, घरात काहीतरी आहे" असे फोन मला नेहमी येतात आणि दरवेळी रिमोट कुणाच्या तरी बुडाखाली सापडतो. अशा लोकांना मी लय वाकडं बोलतो. बायको म्हणते, "तोंड सांभाळा जरा, गिऱ्हाईक तुटेल." त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण आता लिहितोच.

कवठे महांकाळच्या बाजूला एका गावात आमचे एक जुने गिऱ्हाईक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. नोकरीत असताना गाडीवरून पडले होते, तेव्हापासून डावा खांदा खाली झुकलेला. पण ऐट तशीच! आमच्या दुकानात चहा प्यायला बसले तरी उठताना आधी उजवी मांडी झटकणार, मग डावी, आणि मगच उभे राहणार. त्यांच्या पॅन्टला कधी धूळ लागलेली मी बघितली नाही, पण झटकणार म्हणजे झटकणार. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

त्यांनी सवलतीतला, जुन्या मॉडेलचा पंचावन्न इंची टीव्ही घेतला तेव्हा त्यांच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न नुकतंच ठरलं होतं. मला विचारलं होतं, "संजू, पल्लूची सुपारी फोडलीया. लग्नाचं शूटिंग फोर-केमधी करायचं हाय. ह्येच्यावर तसंच दिसंल न्हवं?"

मी म्हणालो, "एक नंबर दिसतंय, अण्णा."

हे मी अर्धं खोटं बोललो होतो. स्क्रीन फोर-के असते हो, पण टीव्हीच्या आतलं डोकं लहान असतं. कंपनी जी अ‍ॅप आत घालून देते ती एक-दोन वर्षांत जुनी होतात, जड व्हिडिओ त्यांना झेपत नाही. मग ती गुपचूप कमी क्वालिटी दाखवतात, नाहीतर मध्येच ते गोल चक्र फिरत बसतं. बाहेरून वेगळा बॉक्स लावला तर खरं चित्र दिसतं. हे दुकानात कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही.

टीव्ही बसवून तीन आठवडे झाले नसतील, अण्णांना मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते परत आलेच नाहीत.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे... घरात असं झालं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. शालनकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, आतच उरकायचं ठरवलं. पल्लवीला ते अजिबात मान्य नव्हतं. हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर ती आईला म्हणाली, "अण्णांची चिता थंड झाली न्हाई आणि तुला माझ्या हळदीची घाई!" लग्न झालं, ती साताऱ्याला सासरी गेली, आणि आईशी बोलणं जवळजवळ बंदच झालं. फोन लागला तर "हां, बरी आहे, ठेवते." बस्स. लग्नाचा व्हिडिओ तर तिने बघायलाच नकार दिला होता.

त्या लग्नाला मीही गेलो होतो. मांडवात पहिल्या रांगेत कोपऱ्यातली एक खुर्ची काकूंनी रिकामी ठेवायला लावली होती. "ह्येंची हाय ती," एवढंच म्हणाल्या. कुणी बसायला गेलं की त्यांचा भाऊ उठवायचा. काकू स्वतः मात्र पुढे आल्या नाहीत. पार मागे, बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. शूटिंगवाल्याने व्हिडिओची लिंक दिली होती, ती टीव्हीत चालू केली की एका जागी अडकते म्हणाल्या. "अडकतंय ते असू दे. पर तू एकदा येऊन बघून जा."

मी सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो. लख्ख ऊन होतं, दार सताड उघडं, बाहेर शेजारीण गहू पाखडत होती. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही म्हणाल अंधारात भास झाला असेल.

व्हिडिओ टीव्हीतल्याच अ‍ॅपवर चालू केला. मंगलाष्टका संपल्या, "सावधान" झालं, अक्षता उडाल्या आणि चित्र थांबलं. चक्र फिरायला लागलं. मी हसलो. अहो, हे होणारच! हजारो तांदळाचे दाणे एकदम हलले की व्हिडिओ त्या क्षणाला सगळ्यात जड होतो. तिथंच बिचारं अ‍ॅप दम टाकतं. मी काकूंना हे समजावून सांगायला लागलो.

काकू म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. कोपऱ्यात बघ."

थांबलेलं चित्र पुसट होतं, चौकोन चौकोन झालेले. पण कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं. पांढरा शर्ट, भगवा फेटा. चेहरा म्हणाल तर नुसता डाग... पण डावा खांदा खाली झुकलेला होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग मला राग आला, स्वतःचाच. मी म्हणालो, "काकू, आधीच्या शॉटमधले रंग असे मागे राहतात. काही नाही ते." म्हणून आधीचा शॉट लावून बघितला. त्यात नुसता नवरीचा चेहरा होता. हिरवा शालू, मुंडावळ्या. भगवं काही नाही, पांढरं काही नाही. तीन वेळा चालवला. तीनही वेळा तिथंच अडकला आणि तीनही वेळा ते तसेच बसलेले.

"रोज दुपारी लावती मी," काकू म्हणाल्या. "ऐतवारी पल्लू येणार हाय, तिचं सामान न्यायला. तिला एकदा एवढंच दाखवायचं हाय. बापामाघारी लगीन लावलं म्हंती न्हवं? बघ म्हणावं, तुजा बाप हुता मांडवात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काय दुरुस्त करू नगंस. तुला निस्तं इचारायला बोलीवलं, की मला येड लागलंय का तुलाबी दिसतंय."

मला दिसलं होतं. पण मी तसं म्हणालो नाही. "बघतो," म्हणालो.

काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि मी माझा शहाणपणा केला. मला ते चूक आहे हे सिद्ध करायचं होतं, दुसरं काही नाही. अ‍ॅप अपडेट केलं. अपडेट झाल्यावर ते म्हणालं, या टीव्हीवर हे अ‍ॅप आता चालणार नाही. जुनं परत आणता येत नाही. झालं! मग गाडीतला बॉक्स आणून लावला, टीव्हीच्या ज्या पोर्टला तो जोडला त्याचं सेटिंग बदललं, आणि व्हिडिओ चालू केला. काय चित्र आलं म्हणून सांगू! शालूचा धागा न् धागा मोजावा असं. अक्षता पडताना जरासुद्धा अडकला नाही.

खुर्ची रिकामी होती.

काकू कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "एकदा मिरजंत गेलं. आज तू घालीवलंस."

मी चहा न घेताच निघालो. येताना मिरजेपर्यंत गाडी कशी चालवली मला आठवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला नको सांगितलं होतं ना त्यांनी?" चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

रविवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडचा तसलाच जुना टीव्ही उसना घेऊन गेलो, त्याच्यावर तरी दिसेल म्हणून. पोचलो तेव्हा पल्लवी बॅग भरून निघायच्या तयारीत होती. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. मी उसना टीव्ही बाहेरच्या सोप्यात जोडला. व्हिडिओ लावला. अडकला... पण दुसरीकडेच, जेवणाच्या पंगतीत. अक्षतांच्या वेळी चित्र पुसट होतं, पण खुर्चीत कुणी नव्हतं.

पल्लवी म्हणाली, "काय चाललंय तुमचं?"

मग मीच सगळं सांगितलं. मी मोडलं, हेही सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दादा, घरचा टीव्ही लाव. मोठा. मला ती खुर्ची बघायचीय."

बॉक्सवर लावला. तेच लख्ख चित्र. "सावधान" झालं, अक्षता पडल्या. पल्लवी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"मागं घे. थांबव."

मी थांबवलं.

"दादा, अक्षता टाकायला सगळी उभी हायत, आणि त्यांच्या सगळ्या खुर्च्यांवर तांदूळ हायत. खाली सतरंजीवर हायत. हिच्या दोन्ही बाजूला हायत. हिच्या बैठकीवर एकपण न्हाई."

मी चष्मा पुसून बघितलं. खरंच नव्हता. लाल कापड स्वच्छ. माणूस बसलेला असला की दाणे त्याच्या अंगावर पडतात, खुर्चीवर पडत नाहीत, तसं. मी म्हणालो, वारा असेल, पंखा असेल. माझंच मला पटेना.

"फुडं चालव," ती म्हणाली.

पुढे लोक जागा सोडून हलायला लागले. नवरा-नवरीला भेटायला गर्दी झाली. कॅमेरा अजून तिकडेच होता. आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढे, गुडघ्याच्या उंचीवरून, मूठभर तांदूळ खाली सांडले. उजव्या बाजूला. क्षणभर थांबून आणखी मूठभर, डाव्या बाजूला.



पल्लवीने तोंडावर हात दाबला होता. "आई... अण्णा उठले गं," ती म्हणाली आणि तिथंच, त्या टीव्हीपुढे बसून हमसून हमसून रडायला लागली. काकू सरकत तिच्याजवळ गेल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. बॅग तशीच दारात होती. त्या दिवशी ती साताऱ्याला गेली नाही.

मी निघताना काकू माझ्यामागे अंगणापर्यंत आल्या. मी म्हणालो, "काकू, माफ करा. ते आता परत तसे दिसायचे नाहीत."

"नगं दिसू दे," त्या म्हणाल्या. "मी रोज लावत हुते न् ते रोज तितंच बसून. अडकून पडलं हुतं रं बिचारं. आता उठलं."

शूटिंगवाल्या पोराला मी नंतर विचारलं. तो म्हणाला त्याने काही जोडलेलं नाही, काढलेलं नाही, खुर्चीकडे त्याचं लक्षही नव्हतं. मूळ फाइल मी माझ्या कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम करून बघितली. सांडण्याआधीच्या फ्रेममध्ये ते तांदूळ कुठंच नाहीत, हवेतसुद्धा नाहीत. पुढच्या फ्रेममध्ये आहेत.

अ‍ॅप का अडकलं ते मी कुणालाही समजावून सांगू शकतो. हे मात्र मला आजपर्यंत समजलेलं नाही. आता टीव्ही घेताना कुणी विचारलं, "यात सगळं दिसतं ना?" तर मी आधी बॉक्सचं सांगतो, जे खरं आहे ते सांगतो. आणि अण्णांची नक्कल दुकानात आता कुणी करत नाही.