फाट्यावरची फांदी

माझे बाबा बस स्टँडवर कंट्रोलर होते. ब्रह्मपुरीत बसून तिकडे नागभीड, इकडे वैनगंगेपलीकडची गावं, कुठली गाडी किती वाजता सुटते आणि कुठल्या फाट्यावर किती वाजता लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या घराण्यात खाकी कपडे घालून नोकरीवर जाणारे ते पहिले. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या धानात वाकून काम केलं. बाबांनी लोकांना वेळ सांगितली आणि लोकांनी ती ऐकली. याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठलं. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी शाळेत शिकवायचे, रविवार मोकळा असायचा. सकाळी विहारात वंदना झाली की आई लाखोळीच्या डाळीचे वडे फडक्यात बांधून द्यायची आणि म्हणायची, "जाय बाई, घेऊन जाय यायले. घरात राहून माह्या डोक्शावर बसते." मग आम्ही बाप-लेक बसने फिरायला निघायचो.

फिरण्याचे त्यांचे नियम होते. चढ नको, पायवाट दोन कोसांहून लांब नको, वाटेत पाणी हवं. एका रस्त्याच्या गाडीने जायचं, फाट्यावर उतरायचं, जंगलातून नाहीतर तलावाच्या पाळीवरून चालत दुसऱ्या रस्त्यावर निघायचं आणि तिथून परतीची गाडी धरायची. मार्कंड्याला आम्ही जत्रा संपल्यावर जायचो, कारण जत्रेत गाड्या वेळ पाळत नाहीत आणि ते बाबांना बघवत नसे. देवळं पाहायला माणसं जातात; माझे बाबा तिथेही थांब्याजवळ उभे राहून गाडी किती मिनिटं उशिरा आली ते बघत.

"बाबा, परतीची गाडी कितीची?"

"एक दहा."

"नक्की ना?"

"मी सांगून राह्यलो नं."

हे आमचं दर रविवारचं. मी मुद्दाम विचारायचे आणि ते मुद्दाम चिडायचे.

परतीच्या फाट्यावर पोचलं की आणखी एक काम असायचं. तिकडचे लोक उन्हात रस्त्यावर उभे राहत नाहीत. पळसाची एक पानं असलेली फांदी तोडायची, डांबराच्या कडेला ठेवायची आणि आपण खुशाल झाडाखाली जाऊन बसायचं. फांदी दिसली की ड्रायव्हर समजतो, माणूस सावलीत आहे. तो हॉर्न देतो आणि थांबतो. बाबा फांदी अगदी निवडून तोडत. बुडखा गाडी येणार त्या बाजूला, पानं जाणार त्या बाजूला. मी हसले की म्हणत, "ड्रायव्हरले दिशा समजली पाहिजे."

त्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हापासून घरात काहीतरी बिघडायला लागलं होतं. बाबा चहा पिऊन परत चहा मागायचे. चष्मा डोळ्यावर असताना आईवर ओरडायचे. एकदा विहारातून घरी येताना चुकीच्या गल्लीत शिरले आणि एका अनोळखी दारात बराच वेळ उभे राहिले. आई हसण्यावारी न्यायची. मीही नेलं. मनात एकच धरून बसले होते: बाकी काहीही विसरतील, गाड्या विसरणार नाहीत. तेवढं शाबूत आहे तोवर माझे बाबा शाबूत आहेत. लहान मुलासारखी मी त्या वेळापत्रकाला लटकून होते.

त्या रविवारी आम्ही आठच्या गाडीने गेलो. तलावाच्या पाळीवरून चाललो. दोन्हीकडे कापलेलं धान पडलं होतं, बांधावर बगळे होते आणि बाबा खुशीत होते. दुसऱ्या रस्त्यावर निघालो तेव्हा साडेअकरा झाले होते.

"बाराची आहे," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"मी सांगून राह्यलो नं."

त्यांनी फांदी तोडली आणि नीट ठेवली. आम्ही मोहाच्या झाडाखाली बसून वडे खाल्ले. बारा वाजले. सव्वाबारा झाले. रस्त्यावरून एक सायकल गेली. डांबराच्या मधोमध गवत उगवलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. मला सगळं आठवलं. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात या रस्त्यावरचा पूल खचला होता आणि ही बाराची गाडी बंद झाली होती. बाबांनी स्वतःच्या हाताने, ओल्या फडक्याने ती स्टँडच्या फळ्यावरून पुसली होती. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते. "एक गाडी गेली," एवढंच आईला म्हणाले होते.

आता ते गुडघ्यावर हात ठेवून, मान ताठ करून त्याच गाडीची वाट बघत होते. सांगायचं कसं? मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक म्हातारी बाई बांधावरून वर आली. कमरेला विळा खोचलेला होता. आम्हाला बघून थांबली.

"कोन्त्या गाडीची वाट पाहून राह्यले, भाऊ?"

"बाराची."

"ते तं कवाचीच बंद झाली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत चुकलेलं पोर पाहतं तसं. ती नजर मी कधी विसरले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

"परत सुरू झाली, बाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग रस्त्यावरच्या त्या फांदीकडे. भारा खाली टेकवला.

"असन मंग," ती म्हणाली. "मी तं दिवसभर वावरात रायतो. मले काय समजते गाडीचं?"

आणि ती आमच्यासोबत बसली. कधीच न येणाऱ्या गाडीची वाट बघत, हातातलं काम टाकून, चांगला अर्धा तास. मी तिला वडा दिला. ती बाबांना धान किती झालं, डुकरांनी किती नासलं ते सांगत राहिली. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

शेवटी तीच उठली. "आज काई येत नाई वाट्टे. पंक्चर झाली असन कुठी. चाला, मोठ्या सडकेवर जाऊ. मी बी तिकडंच चाल्लो."

बाबा उठले. रस्त्यावर गेले, वाकले आणि फांदी उचलून बाजूला टाकली.

"राहू द्या नं, बाबा."

"काऊन राहू द्याची? डायव्हर थांबन. फुकटचा वाट पाहीन थो."

मोठी सडक आणखी एक कोस होती. त्या बाईचं गाव त्या बाजूला नव्हतंच. आम्हाला सडकेला लावून ती भारा सावरत आल्या वाटेने परत गेली. घरी पोचल्यावर आईने उशिराचं कारण विचारलं. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "गाडी पंक्चर झाली होती." माझा जीव भांड्यात पडला. खोटं पचलं, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी स्टँडवर गेलो. मी नळावर बाटली भरायला गेले. वळून पाहते तर बाबा बाकावर नव्हते. ते चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते. त्या खिडकीच्या आतल्या खुर्चीवर ते कितीतरी वर्षं बसले होते. समोर दोन माणसं होती, ती जाईपर्यंत थांबले. मग मान खाली घालून, हळू आवाजात आतल्या माणसाला काहीतरी विचारलं. आतला माणूस त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि उभ्यानेच त्याने उत्तर दिलं.

म्हणजे बाबांना सगळं कळलं होतं. त्या फाट्यावरच कळलं असेल. त्यांनी माझं खोटं ठेवून घेतलं होतं, माझ्यासाठी.

मी पटकन नळाकडे तोंड फिरवलं. बाटली भरून सांडत होती. परत आले तेव्हा ते बाकाकडे येत होते. ओठ हलत होते. ऐकलेली वेळ सांडू नये म्हणून ते ती पुन्हा पुन्हा म्हणत येत होते. माझ्यापाशी आले, छाती पुढे काढली आणि जुन्या आवाजात म्हणाले,

"परतीची एक वीसची आहे."

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. पण ते उभेच होते, माझ्याकडे बघत, मी काहीतरी म्हणायची वाट पाहत. मग माझ्या लक्षात आलं.

"नक्की ना?" मी विचारलं.

"मी सांगून राह्यलो नं," बाबा म्हणाले आणि गाडीकडे निघाले.