काट्यावरच्या मावशी

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या मावशींना पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. विमा कंपनीची अट अशी, की आधी स्वतःच्या हिमतीवर सहा किलो उतरवून दाखवा, मगच मंजुरी. मावशींनी जिवाचा आटापिटा करून सहाच्या जागी साडेसहा उतरवले.

वजन नोंदवायच्या दिवशी सोबत आलेल्या धाकट्या दिरांनी दवाखान्याच्या दारातच शंका काढली. "वहिनी, फारच बारीक दिसताय. या बाईंना ऑपरेशन कशाला, असं म्हणाले तर?"

मावशींचं धाबं दणाणलं. शेजारच्या बेकरीत शिरून त्यांनी दोन पेस्ट्र्या आणि पाण्याची मोठी बाटली रिचवली. वर दिरांचा जाडजूड कोटही चढवला.

नर्सने काटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो मावशी, मंजुरी तुमच्या पहिल्या वजनावर मिळते. आज नुसते सहा किलो घटलेले दिसायला हवेत. घटलेत चारच!"

मावशींनी दिरांकडे असं पाहिलं, की ते भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्रात गढून गेले. कोट त्यांच्या अंगावर भिरकावून मावशी बाथरूमकडे सुसाट सुटल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, बूट, घड्याळ, कानातलं सगळं उतरवलं आणि श्वास रोखून काट्यावर चढल्या.

"सहा भरले," नर्स हसत म्हणाली. "घ्या आता श्वास."

दीर हळूच पुढे आले. "वहिनी, ऑपरेशनच्या दिवशी मी येऊ ना सोबत?"

"या की भाऊजी," मावशी म्हणाल्या, "फक्त तोंड घरी ठेवून या."