गाठीची तार

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून पुरता शिकलेलोही नाही. तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. तोंडानं हे कुणाला सांगता आलं नाही.

सिरसाळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर काम करतात. शेजारचे काका त्यांचे जोडीदार. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत काकाच आले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मीही तिथं कामाला लागलो. प्रेसमागच्या भिंतीला आग विझवायचे लाल सिलिंडर टांगलेले होते. एकदा गाठ ढकलताना एकाला धक्का लागला. पिन निसटली, दांडा दाबला गेला आणि सगळी पावडर कापसावर उडाली. मुनीम भडकले. मला म्हणाले, "तू इंजिनेर ना बे? कर कायतरी बंदोबस्त."

मी गाठी बांधायची तार घेतली. पिन आणि दांडा एकत्र गुंडाळून पक्कडीनं पीळ दिले. एकूण एक सिलिंडर तसा बांधला. काकांनी एक पिन ओढून पाहिली. "आता भूत आलं तरी सुटत न्हाई!" मग अण्णांकडं वळून म्हणाले, "पोरगं कामाचं निघालं की हो तुमचं." घरी जाताना अण्णांनी भजी घेतली.

सुट्टी संपली. प्रयोगशाळेत सरांनी तसलाच सिलिंडर उघडून दाखवला. आत वायू कायम दाबून भरलेला असतो. दांडा दाबला की झडप उघडते आणि वायू पावडरीला नळीतून बाहेर रेटतो. "सगळा जोर आत तयार असतो," सर म्हणाले, "माणसानं फक्त पिन काढायची." आणि मी तर एकूण एक पिन तारेनं जखडून आलो होतो.

संध्याकाळी फोन लावला. "अण्णा, त्या तारा जरा सैल करता येतील का?"

"कावून? मुनीम तर लई खूश हायेत. काका बी येईल त्याला दाखवतोय, आमच्या पोरानं बांधल्यात म्हणून."

मला खरं सांगायची लाज वाटली. "काही न्हाई. असंच." परीक्षा झाली की जाऊन आपणच सोडू, असं मी मनाशी ठरवलं.

परीक्षेच्या दिवसांत अण्णा फोनवर दोनच वाक्यं बोलायचे. काकांचं विचारलं की म्हणायचे, "तू अभ्यास कर."

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर अण्णा गेटजवळ उभे. उजव्या हाताला पट्टी. आम्ही टपरीवर बसलो. चहा तसाच राहिला.

"प्रेसपाशी कापूस पेटला," ते म्हणाले. "काकानं सिलिंडर उचलला. तार सुटंना. मी पक्कड आणाया पळालो. येईस्तोवर त्याच्या पायाखालचा ढीग पेटला होता."

मी मान खाली घातली.

"कळवू नका म्हणून त्यानंच सांगितलं. दवाखान्यात बी एकच, पोराचे पेपर होऊ द्या." अण्णा पट्टीकडं बघत राहिले. "मी तुला फोनवर विचारलं होतं, कावून. तू म्हणलास, असंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मग ते म्हणाले, "काका गेला रे. आज नववा दिवस."