कूलरखालचं राजपत्र

मी फारसा बोलत नाही. ऑफिसात मला सज्जन समजतात, त्याचं मुख्य कारण हेच. आपल्याकडे गप्प बसणाऱ्या माणसाला चारित्र्य आपोआप चिकटतं. मी गप्प का बसतो ते आजवर कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. मला दिला शासकीय प्रकाशन विभाग. मौद्याकडच्या आमच्या गावात या नावाचा एवढा दबदबा झाला, की वडील लोकांना सांगत, पोरगा सरकारची पुस्तकं सांभाळतो. प्रत्यक्षात तो विभाग म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली होती. सरकार जे जे छापी ते तिथे येऊन पडे. अहवाल, अधिसूचना, आणि मुख्य म्हणजे राजपत्रं. राजपत्र हे सरकारचं साप्ताहिक. त्यात नेमणुका येतात, जमिनीच्या सूचना येतात, आणि ज्यांनी रीतसर नाव बदललं त्यांची जुनी-नवी नावंही येतात. वर्षाचे अंक झाले की ते शिवून, रेक्झिनची पाठ लावून एक जाडजूड खंड करायचा आणि जपायचा. जपायचा म्हणजे त्याला कोणी हात लावू नये, हे पाहायचं. वाळवी तेवढी आमच्या परवानगीवाचून आत जायची.

त्या उन्हाळ्यात विभागाला कूलर मंजूर झाला. लोखंडी पेटीचा, वाळ्याच्या ताट्यांचा, घरघर करणारा. पण खिडकी उंच होती आणि कूलरला स्टँड नव्हता. स्टँडचा अर्ज बांधकाम खात्याकडे गेला आणि तिकडेच राहिला. बाहेर नागपूरचा मे महिना, आत जमिनीवर बसलेला कूलर. त्याची हवा फक्त आमच्या पोटऱ्यांना लागे.

तोडगा आमच्या चपराशानं काढला. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, त्याला सगळ्या ग्रंथांची मापं पाठ. आधी त्यानं विधानसभेच्या कामकाजाचे खंड रचून पाहिले. ते जमले नाहीत, कारण प्रत्येक अधिवेशनाची जाडी वेगळी. राजपत्र मात्र अगदी सरकारच्याच बांध्याचं निघालं. चौकोनी, जड, आणि वर काहीही ठेवा, तक्रार नाही.

"बाबू, हे बेस बसलं पाहा," तो म्हणाला. "आता डुलणार नाई."

बारा खंड लागले, सहा-सहाच्या दोन थप्प्या. आमचे ग्रंथपाल पुण्याहून शिकून आलेले. ते आले तेव्हा मला वाटलं, आता आपली नोकरी जाते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे काय? वर्षं उलटसुलट लावली आहेत." मग त्यांनी उभं राहून एकसष्ट ते सहासष्ट डावीकडे, सदुसष्ट ते बहात्तर उजवीकडे, वरून खाली, पाठी बाहेरच्या बाजूला असे क्रमवार लावून घेतले. सोनेरी आकडे दारातून वाचता यायचे. कूलरखालीही आमची मांडणी शास्त्रशुद्ध होती.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ती आली.

साधारण माझ्याच वयाची, दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. डोक्याला ओला रुमाल, हातात कागदांची कापडी पिशवी. खाप्याहून सकाळच्या एसटीनं आलेली. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फार वेळा सांगून पाठ झालेलं असावं तसं. छप्पन साली वडिलांनी इथेच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दहा वर्षांनी सगळ्या घराची नावं बदलून घेतली आणि ती राजपत्रात छापून आणली. पण तिची पहिली शाळा त्याआधीची. त्या दाखल्यावर मास्तरानं चेष्टेनं लिहिलेलं जुनं नाव होतं. ते तिनं उच्चारलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या सगळ्या परीक्षा नव्या नावानं. आता जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, आणि कार्यालय म्हणत होतं, या दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करा. घरची प्रत वाळवीनं खाल्लेली. जूनअखेर वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही.

"सहासष्ट सालचं पाह्यजे, साहेब," ती म्हणाली.

मी कूलरकडे पाहिलं. सहासष्ट डावीकडे, सगळ्यात खाली. नेमकं जिथे पाणी ठिबकायचं तिथे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ग्रंथालयात एखादा ग्रंथ काढायचा कंटाळा आला, तर 'सापडत नाही' असं कोणी म्हणत नाही. त्यात आपली नाचक्की. 'देत नाही' म्हटलं तर तक्रार होते. म्हणून आम्ही म्हणायचो, बाइंडिंगला गेलंय. यावर वाचकाला काही बोलता येत नाही, उलट ग्रंथाची काळजी घेतली जातेय म्हणून तो खूश होतो.

"बाइंडिंगला गेलंय," मी म्हणालो. "आठ दिवसांनी या."

ती आठ दिवसांनी आली. तोवर मी काही केलं नव्हतं. उन्हाचा पारा असा होता की चपराशी कूलरकडे देवासारखा पाहायचा. मी पुन्हा तेच सांगितलं. तिनं शांतपणे बाइंडरचा पत्ता विचारला. मला वाटलं, विचारून ठेवतेय. मी महाल भागातल्या आमच्या बाइंडरचा दिला. ही बाई उन्हात पायी तिथे गेली आणि दुपारी परत आली.

"ते भाऊ म्हणते, तुमच्याकडून दोन वर्षं झाले काही आलंच नाई," ती म्हणाली. सुरात आरोप नव्हता. "दुसरे कोनी बाइंडर हाये का, साहेब?"

आहेत म्हणालो. सरकारी छापखान्यात दिलंय, तिथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. हे सांगताना मला घाम फुटला होता, आणि मी कूलरच्या अगदी समोर बसलो होतो.

तिसऱ्या वेळी ती जूनच्या मध्यावर आली. कार्यालयातल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं की राजपत्र आणा, नाहीतर ग्रंथालयाचं पत्र तरी आणा. मला सुटल्यासारखं झालं. पत्र देणं सोपं होतं. त्यासाठी काही उचलावं लागत नव्हतं. मी टाइप केलं: मागणी केलेला अंक या ग्रंथालयात उपलब्ध नाही. ग्रंथपालांकरिता म्हणून सही केली, शिक्का मारला.

तिनं ते वाचलं. "नाई म्हंजे, नव्हताच का?" असं तिनं विचारलं.

मी म्हणालो, नाही हो, ही ऑफिसची भाषा असते. त्यांना कळतं.

त्यांना कळलं. त्यांनी त्याचा अर्थ लावला की असं राजपत्र नाहीच. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला नेमणूक मिळाली. हे मला जुलैत कळलं, कारण ती पुन्हा आली होती. नोकरी तर गेली, पण कागद बाइंडिंगहून आला असेल तर नक्कल पाहिजे, कधी ना कधी लागेल, असं म्हणाली. तेव्हा कूलर उतरवून झाला होता. सहासष्टचा खंड पाण्यानं फुगून, वाळून वीट झाला होता. पानं एकमेकांना अशी चिकटली होती की वरचं सोललं तर खालची चार फाटत. चपराशानं तो गच्चीवर उन्हात ठेवला होता, आणि ती माझ्याशी बोलत होती तेव्हा तो आमच्या बरोबर डोक्यावर होता. मी म्हणालो, अजून आला नाही. पुढे त्या खंडाला आम्ही 'जीर्ण, वापरास अयोग्य' असा शेरा मारला आणि नोंदवहीतून काढून टाकलं.

यानंतर माझं सगळं चांगलं झालं. बढत्या मिळाल्या. प्रताप नगरात घर झालं. शेवटी त्याच विभागाचा प्रमुख झालो. गेल्या वर्षी वरून योजना आली की जुनी राजपत्रं संगणकावर चढवायची आणि कोणालाही, कुठूनही, फुकट पाहता येतील अशी ठेवायची. त्याच्या उद्‌घाटनाला बोलायला कोणी मिळेना म्हणून मलाच उभं केलं. मी पंधरा मिनिटं बोललो. सरकारचा कागद हा जनतेचा कागद आहे, तो अडवून ठेवणं पाप आहे, असं म्हणालो. टाळ्या झाल्या. एका वर्तमानपत्रानं फोटो छापला. त्यात मी खाली पाहतोय.

कामावरच्या मुलांनी यथावकाश विचारलं, सर, सहासष्ट कुठाय? मी म्हटलं, आपल्याकडे नाही. त्यांनी दुसऱ्या एका ग्रंथालयाकडून तो खंड मागवला, दोन दिवसांत पानं चढवून टाकली. मी माझ्या खोलीचं दार लावून शोधलं. पान उघडायला जेमतेम क्षणभर लागला. सहा ओळी. वडिलांचं नाव, खापा, खाली मुलांची जुनी आणि नवी नावं. ते जुनं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं आणि ती ते का उच्चारत नव्हती ते कळलं.

मी पान छापून घेतलं आणि रविवारी खाप्याला गेलो. तिथे कळलं की ती मुलीकडे नागपूरला राहते. कुठे, तर प्रताप नगरात. माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत. कदाचित वर्षानुवर्षं आम्ही एकाच ठेल्यावर भाजी घेत असू.

तिनं मला ओळखलं नाही. मी सांगितलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीस वर्षं खाप्यात बालवाडीत शिकवलं, मानधनावर, कायम कधी झालेच नाही, असं तिनं तक्रार न करता सांगितलं. मी पान तिच्या हातात दिलं आणि कूलरची गोष्ट सांगायला लागलो. वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नव्हतं. तिनंच ते पुरं केलं.

"डाव्या बाजूनं, खालून पयलं," ती म्हणाली. "मले मालूम होतं नं. दुसऱ्यांदा आली तवाच दिसलं. सहासष्ट, सोन्याचे आकडे."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"मी त्याच्याकडं पाह्यलं, मंग तुमच्याकडं पाह्यलं. तुमी वर पंख्याकडं पाहून राहिले होते." ती थोडी हसली. "नोकरी मांगाले आलेली बाई. साहेब लोकाले कूलर काढा, घामात बसा म्हनन का? मले वाटलं, याइच्याच तोंडून येऊ द्या. मनून त बाइंडरकडं गेली. म्हटलं, खोटं उघडं पडलं का लाजंखातर देईल."

आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ती गॅस बंद करून आली आणि समोर बसली.

"एक खरं सांगा, भाऊ. दुसऱ्या कोनासाठी उतरवला असता का?"

इथे मला निसटता आलं असतं. चपराशी वारला, ग्रंथपाल वारले. उतरवला नसता, कोणासाठीच नाही, एवढं म्हणालो असतो तर तो नुसता आळस ठरला असता, आणि आळसाला माणसं माफ करतात.

"उतरवला होता," मी म्हणालो. "तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या चार दिवस आधी. एक वकीलसाहेब आले होते, त्यांना पासष्टचा हवा होता. तुमच्या वरचाच. चपराशानं आणि मी मिळून उतरवला. वीस मिनिटं लागली. त्यांना चहा मागवला."

तिनं ते छापील पान बाजूला ठेवलं. मग नातवाच्या वहीतला एक कागद फाडून माझ्यापुढे ठेवला, पेन ठेवलं.

"लिवा. अंक होता म्हनून लिवा."

मी लिहिलं: सदर अंक त्या वेळी ग्रंथालयात उपलब्ध होता. एवढं लिहून हात थांबला. निवृत्तीला सात महिने राहिले होते. पेन्शनचे कागद तयार होत होते. मी पुढे लिहिलं, परंतु अपरिहार्य कारणास्तव.

"ते खोडा," ती म्हणाली. "कूलर लिवा."

मी खोडलं आणि कूलर लिहिलं.

"आता वकिलाचं."

तेही लिहिलं. वीस मिनिटं लिहिली. पूर्ण नाव, हुद्दा आणि सही केली. तिनं कागद घेऊन पोरांची पाटी तपासावी तसा ओळीवर बोट ठेवत वाचला, घडी घातली आणि राजपत्राच्या पानासोबत पिशवीत ठेवला.

"जिल्हा परिषदेले पाठवाचं का तुमच्या ऑफिसात, का कोठीच नाई, ते मी पाहीन," ती म्हणाली. "तुमी जा आता."

याला दोन महिने झाले. हल्ली विभागाचं टपाल मी स्वतः फोडतो. आजपर्यंत काही आलेलं नाही.