शिरोड्याचं लाल पाणी

किस्से सांगायचे असं ठरवून कुणी नोकरी करत नाही, ते आपोआप साठत जातात. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे आणि भिवा आमच्या लॅबचा अटेंडंट. आता दोघंही रिटायर. भेटलो की हसायला म्हणून सुरुवात करतो आणि तिसऱ्या किश्श्याला माझा आवाज चढलेला असतो!

आधी एवढंच सांगते. शिरोड्याच्या मिठागरात उन्हाळ्यात पाणी लाल होतं, ते त्यातल्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. दिसतात बॅक्टेरियासारखे, पण घराणं वेगळं. त्यांचा अख्खा जीनोम अक्षर-अक्षर वाचला आणि इतरांशी ताडून पाहिला, तर कोण कुणापासून कधी फुटलं ते कळतं. आम्हाला तेच करायचं होतं. २००२ साल असेल.

*

पाणी न्यायची परवानगी काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले. एका ऑफिसातल्या क्लार्कनं फॉर्म पुढे ओढला.

"बॅक्टेरिया का?"

"नाही."

"मग व्हायरस?"

"नाही. आर्किया. तिसराच प्रकार."

"मॅडम, फॉर्मवर दोनच रकाने आहेत. दोनातलं एक काय ते ठरवा!"

तीन फेऱ्या झाल्या, तीन वेळा एसटीचे हेलपाटे. शेवटी त्यानंच 'बॅक्टेरिया'वर टिक मारली. अब्जावधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली घराणी त्यानं बॉलपेननं एकत्र आणली!

*

मिठागरात आम्हाला वाट दाखवली आनंदीकाकीनं. पस्तीस वर्षं मीठ ओढणारी बाई. कुठला वाफा कधी लाल होणार ते तिला आधीच कळायचं. "बाय, पाणी लाल झाला की समजाचा, दोन दिसांत मीठ धरतला."

मी ते रिपोर्टात लिहिलं, तिच्या नावासकट. प्रिन्सिपॉलनी लाल पेननं खोडलं. शेरा मारला, "अशिक्षित व्यक्तीचा संदर्भ देऊ नये."

संदर्भ बरोबर निघाला होता हो! दर वेळी!

*

पुढच्या वर्षी कॉलेजात तपासणीची कमिटी यायची होती. मी रजेवर. प्रिन्सिपॉल लॅबमध्ये आले आणि शेल्फवरचे फ्लास्क बघून भिवावर ओरडले, "ही लाल घाण आधी फेका!"

भिवा म्हणाला, "सर, मॅडमचा काम आसा ता. वर्षभर वाढयलेला."

त्यांनी स्वतः फ्लास्क उचलले, सिंकमध्ये ओतले आणि वरून नळ सोडला. हे जीव मिठातच जगतात. गोडं पाणी लागलं की फुटून मरतात.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं विचारलं, "तुमच्याकडे रिसर्च काय चालतो?"

प्रिन्सिपॉल छाती काढून म्हणाले, "आर्कियावर, सर!"

मी रजेवरून आले, तर भिवा कोरडे फ्लास्क समोर मांडून बसला होता. माझ्याकडे बघेना. मी त्याच दुपारी शिरोड्याची गाडी पकडली. पुन्हा पहिल्यापासून.

*

वर्षभरानं फ्लास्कमधलं कल्चर पुन्हा तयार झालं. जीनोम वाचायचं मशीन आमच्याकडे कुठलं! शहरातल्या एका संस्थेतल्या मोठ्या सरांकडे ते पाठवलं. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी ईमेलनं वंशवृक्ष पाठवला. मी प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावला. आमच्या फांदीला बॅक्टेरियाच्या फांदीकडून आडव्या रेघा येत होत्या.

कॉमर्सचे एक सर म्हणाले, "ह्या आडव्या रेघा कसल्या?"

"काही जीन्स आईबापाकडून नाही, शेजाऱ्यांकडून आलेत."

"म्हणजे बाहेरख्यालीच की!" अख्खी स्टाफरूम हसली.

दुसऱ्या दिवशी त्या रेघेशेजारी कुणीतरी पेननं माझं आडनाव लिहिलं होतं. मी प्रिंट भिंतीवरून उतरवला नाही. ते अक्षर मी मस्टरवर रोज बघत होते. वर्षभर तसाच ठेवला. बघू दे त्यालाही रोज!

*

मग त्या मोठ्या सरांचं सेमिनार. मी आणि भिवा स्वखर्चानं गेलो. पडद्यावर आमचा वंशवृक्ष. आमची फांदी लाल रंगात, आणि खाली 'पश्चिम किनाऱ्यावरील एक मिठागर'. माझं नाव नाही. कॉलेजचं नाही. शिरोडा तर नाहीच.

मी उभी राहिले. "सर, हे सॅम्पल आमचं आहे. शिरोड्याचं."

ते हसले. "मॅडम, सायन्स ग्लोबल असतं. गावाचं नाव काय घेऊन बसलात!"

टाळ्या पडल्या. भिवा म्हणाला, "चला मॅडम, हंयसून."

*

एप्रिलमध्ये तेच सर कॅमेरामन घेऊन शिरोड्याला आले. माहितीपट काढायचा होता. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, पण मी त्या दिवशी सॅम्पलसाठी बांधावरच होते. रस्त्यावर गाडी थांबली. सरांनी काच खाली केली आणि पहिल्याच दिसलेल्या बाईला विचारलं, "मावशी, ते लाल पाणी कुठल्या बाजूला?"

ती आनंदीकाकी होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि चालत चालत त्यांना थेट वाफ्यापर्यंत नेलं. सर पँट वर करून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. कॅमेरा सुरू झाला.

"मावशी, हे पाणी लाल का आहे, माहीत आहे? यात अब्जावधी वर्षं जुन्या घराण्यातले जीव आहेत. ते मी शोधून काढले!"

काकीनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमीच शोधल्यात? मगे आत्ता माका वाट कित्याक इचारलात?"