दाराबाहेरचा बाप

"सिस्टर, ते दूध सडकं हाय. तीन दिवस पिळून टाकायचं असतंय," मावशींनी निकाल दिला आणि वाटीतलं घट्ट पिवळं दूध माझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं.

नव्वदच्या दशकात मी गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या एका उपकेंद्रात एएनएम होते, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स. पोस्टनेटल व्हिजिट हे माझं काम. बाळंतपणानंतर घरी जाऊन आई आणि बाळ दोघांना बघायचं. मावशींची सून सुनंदा, तिचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच झालेलं. पोरगी एक दिवसाची. तिला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चाललेलं. रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. अशी लेकरं बघता बघता हातची जातात.

मी ट्रेनिंगमधलं सगळं म्हणून दाखवलं. पहिलं दूध म्हणजे चीक, ती लेकराची पहिली लस, वगैरे. मावशी शांतपणे दातांना मिस्री लावत होत्या.

"तुमाला किती लेकरं?"

माझं लग्नही झालं नव्हतं. लेक्चर तिथंच संपलं.

सुनंदाचा नवरा गजानन दाराबाहेर गोठ्यात होता. पाच दिवस पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही, असा घरचा नियम. त्याच्यासमोर एक नवं रेडकू उड्या मारत होतं. ते बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी आतूनच हाक मारली.

"गजाननदादा, म्हैस व्याली वाटतं! पहिला चीक फेकला ना?"

"फेकू काहून? आधी रेडकाला पाजला की!"

"अन् न्हाई पाजला तर?"

"उभंच राहत न्हाई ते." गडी तावात आला. "लगेच तोंड लावावं लागतं, सिस्टर. गुळाच्या पाण्यावर रेडकू जगत असतं व्हय?"

पावलं दाराशी आली. मग दबका आवाज आला, "माय... आपली पोरगी काय पिऊन राहिली?"

सुनंदानं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई वांड हायेस गं तू!" पण पोरीला उचलून सुनंदाच्या मांडीवर त्यांनीच ठेवलं. पोरगी आधी नुसतीच चाटत बसली. मग तिनं पकडलं. घोट ऐकू आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"तुला एवढं कळत होतं तर बोलला काहून न्हाईस?" मावशी दाराकडे तोंड करून खेकसल्या.

"मला कुनी इचारलं?"

बरोबर होतं त्याचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये आई होती, सासू होती, दाई होती. बाप कुठंच नव्हता. आठवड्यानं गेले तेव्हा पोरगी अख्खी गल्ली गोळा होईल अशी रडत होती. तेव्हापासून मी प्रत्येक घरी आधी बापाला गाठायचे.

व्हिजिटनंतर भरायच्या कार्डावर 'सल्ला कोणी दिला' असा रकाना होता. तिथं मी माझंच नाव लिहिलं. आमच्या डॉक्टर साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुकही केलं. म्हशीचं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती.